पाहुणे येईपर्यंत

फुलपाखरू उद्यानाचं उद्घाटन तिसऱ्यांदा पुढे गेलं, हे चाळीस कोषांना कोणी कळवलं नाही. त्यांची तयारी वेळेवर चालू होती. कोषांच्या आतून पंखांवरचे ठिपके दिसू लागले होते.

हे कोष अळीताईंचे. म्हणजे त्यांनी वाढवलेले. नाव उद्यानातल्यांनी ठेवलेलं, हाक मारायचे तोंडावरच. कित्येक वर्षांनी या जातीच्या दोन माद्या सापडल्या होत्या. त्यांच्या अंड्यांपासून, रोज ताजी पानं घालून, ताईंनी हा संसार उभा केला होता. स्वतःची नोकरी मात्र दरवर्षी नव्या कराराची. उद्घाटनाला येणारे प्रमुख पाहुणे ही फुलपाखरं सोडणार होते आणि ताईंना कायम केल्याचं पत्र देणार होते.

"कोष फ्रीजमध्येच ठेवा, गारठ्यात थांबतील," संचालक म्हणाले.

"चार दिवस तिथंच आहेत, साहेब. आता बाहेर काढले नाहीत तर पंख चुरगळलेले निघतील."

"आणखी पाच दिवस. जरा सांभाळून घ्यायला सांगा त्यांना."

ताईंना वाटलं, साहेब विनोद करतायत. साहेब विनोद करत नसत.

घरी सासूबाई म्हणाल्या, "सहा वर्षं तू थांबलीस ना गं? मग त्यांना पाच दिवस जड होतात होय?"

नवरा जेवता जेवता म्हणाला, "पत्र घे आधी. मग हवं तर त्या फुलपाखरांचे पुतळे उभार."

ताईंनी कोष थांबवले.

आदल्या रात्री फ्रीजमधून काढून पेटीत ठेवलेले कोष उद्घाटनाच्या सकाळी फुटले. पेटी उघडल्यावर तीन फुलपाखरं उडाली. बाकीची सदतीस पिळून टाकलेल्या रुमालासारखे पंख घेऊन काठावर चढली आणि तिथंच बसली. पाहुण्यांनी एक बोटावर घेतलं. फोटोवाल्याला इतका निवांत वेळ कधी मिळाला नव्हता.

"काय माणसाळलंय हो!" पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या.

"ते उडत का नाही?" शाळेच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"बाळ, त्याला पाहुणे आवडलेत," संचालक म्हणाले. सगळे हसले. ताईही हसल्या, हातात पत्र होतं.

कायम झालेल्या माणसाला लवकर यायची गरज नसते. ताई अर्धा तास आधी येतात. साखरपाण्यात भिजवलेला कापूस एकेकाच्या तोंडाशी धरतात. आठवड्यानं अकरा उरली होती.

फाटकावर तो फोटो मोठा करून लावलाय. खाली लिहिलंय, 'निसर्गाशी मैत्री'. मुलांना माहिती सांगताना ताई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात.