चमचाभर तूप

लालबागच्या त्या चाळीत मे महिन्यात माणसांपेक्षा कुलपंच जास्त दिसतात. शाळांना सुट्टी लागली की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं कोकणात पळतात आणि जाताना किल्ल्या शेजाऱ्याच्या हातात कोंबून जातात, तुळशीला पाणी घाल म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या कमलाबाईंनी यंदा रुपालीला किल्ली दिली ती मात्र तुळशीसाठी नव्हे. "माझ्याच खोलीत रहा, माझाच गॅस वापर," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात मिस्त्री शिरलाय. नलूला त्या धुळीत ठेवू नको."

तर रुपालीचं घर सध्या भिंतीच्या पलीकडे होतं आणि संसार अलीकडे. पलीकडे कुशाबा मिस्त्री जुनी मोरी फोडून तिथे संडास-बाथरूम करत होता आणि वर पोटमाळा टाकत होता. चाळीत पन्नास वर्षं सगळे गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासात गेले, कोणाचं काही अडलं नाही. पण नलूआक्काचं ऑपरेशन झाल्यावर सहा महिने तिला परळच्या हॉस्पिटलजवळ, स्वच्छ खोलीत, स्वतंत्र संडास असलेल्या घरात राहावं लागणार होतं. डॉक्टरांनीच तसं बजावलं होतं.

आणि ऑपरेशन होणार की नाही हे ठरणार होतं एका वजनकाट्यावर.

नलूआक्का म्हणजे रुपालीच्या नवऱ्याची, निलेशची मोठी बहीण. तिचं लिव्हर गेल्या दोन वर्षांत पार निकामी झालं होतं. पोटात पाणी होत होतं, डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते. तिला लिव्हरचा तुकडा द्यायला निलेशचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या, आणि मग स्कॅनमध्ये निघालं की त्याच्या स्वतःच्या लिव्हरवर चरबी आहे. परळच्या टॉवरमध्ये दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या लिव्हरवर दुसरं काय असणार? "चौऱ्याऐंशीचे पंच्याहत्तर व्हा," डॉक्टर म्हणाले. "बावीस मेला परत स्कॅन करू. त्याच्यापुढे यांना थांबायला फारसा वेळ नाही."

त्या दिवसापासून निलेशच्या अंगात वारं शिरलं. पहाटे मैदानाला फेऱ्या, संध्याकाळी जिने. मिस्त्रीच्या मजुरांना त्याने लाद्या वर आणू दिल्या नाहीत. स्वतः पोत्यात घालून, खांद्यावर टाकून, तीन मजले चढायचा. कुशाबा मिस्त्री विडी विझवून हसायचा. "साहेब, लोक जिमला पैसे भरतात. तुमचं तर घरबसल्या काम झालं!"

अकरा वर्षांच्या श्रेयाने भिंतीवर तक्ता चिकटवला होता. दर सोमवारी पप्पांचं वजन, लाल स्केचपेनने ठिपका, ठिपक्याला ठिपका जोडून रेघ. तक्त्याच्या तळाशी तिने ७५ लिहिलं होतं आणि त्यापुढे एक झाड, एक विहीर आणि मोठ्या अक्षरात 'गाव'. पप्पा पंच्याहत्तरवर आले, स्कॅन झालं, की उरलेली सुट्टी गावाला, असं तिला कबूल केलं होतं. पोरीची अख्खी मे महिन्याची सुट्टी बापाच्या पोटाच्या घेरावर टांगलेली होती.

चार मेच्या सोमवारी निलेश काट्यावर उभा राहिला. श्रेया वाकली. रुपाली गॅसपाशी पाठमोरी उभी होती, पण तिचे कान मागेच होते.

"ऐंशी पॉइंट एक," श्रेया म्हणाली. "पप्पा, परत तेवढंच! तिसरा सोमवार."

"काटा बिघडला असेल," निलेश म्हणाला. उतरला, परत चढला. काटा बिघडला नव्हता.

"अठरा दिवस राहिले," तो स्वतःशीच बोलला. "खातो तर मी भाकरी न् भाजी. मग जातंय कुठे?"

रुपालीने फोडणीत लसूण टाकला. कुठे जातंय ते तिला चांगलं ठाऊक होतं. नेमकं सांगायचं तर, कुठून येतंय ते.

निलेशची नाचणीची भाकरी ती लोणी घालून मळायची. त्याच्या भाजीत, वरून लसणीचा घमघमाट करून, साजूक तुपाचे दोन चमचे सोडायची. खोबऱ्याचं वाटण डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून गावाहून आलेले ओले काजू वाटून रश्शात घालायची. रंग पांढरा, वास नाही, आणि निलेश दुधी समजून खायचा. भुकेलेल्या माणसाची जीभ फार चौकशा करत नाही.

आता वाचणाऱ्याने तिला लगेच सुळावर चढवू नये. रुपालीचा नणंदेवर राग नव्हता, उलट आक्काचं पथ्याचं अळणी जेवण तीच दोन्ही वेळा हाताने भरवत होती. पण रुपालीचे वडील एका सकाळी हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला तालुक्याच्या गावी गेले होते. स्वतःच्या पायांनी चालत. जाताना म्हणाले, संध्याकाळी भाकऱ्या जरा जास्त टाक. संध्याकाळी त्यांना आणलं ते टेम्पोतून. रुपाली तेव्हा श्रेयाएवढी होती, आणि भाकऱ्या टाकून झाल्या होत्या.

निलेशच्या संमतीच्या कागदावर बायको म्हणून तिचीही सही लागली. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, इथून एवढं कापणार, ते परत वाढतं. धोका कमी असतो, म्हणाले. कमी. शून्य म्हणाले नाहीत. टेबलाभोवती निलेश होता, गावाहून आलेले दोन काका होते, आणि सगळे तिच्या हातातल्या पेनकडे बघत होते. तिथे नाही म्हणणारी बायको अजून जन्माला यायची आहे. आई गेली तेव्हा निलेश सहा वर्षांचा होता. अठरा वर्षांच्या नलूने शिक्षण सोडलं, मसाल्याच्या दुकानात मिरच्या खुडल्या, धणे भाजले आणि त्याला वाढवलं. हे सगळ्यांना पाठ होतं. रुपालीने सही केली. घरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा हात आपोआप तुपाच्या बरणीकडे गेला.

तिने मनाशी हिशेब मांडला होता तो असा: वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नको म्हणतील. कोणाला दोष नाही, कोणाला बोल नाही. पुढे आक्काचं काय, हा प्रश्न आला की ती भांडी घासायला घ्यायची.

दुपारी श्रेया निलेशच्या डब्यावर वाकली आणि बोट बुडवून रस्सा चाटला. "आई, कसला भारी झालाय! हॉटेलसारखा."

"बोटं घालू नकोस!" रुपाली इतकी जोरात ओरडली की पोरगी दचकून मागे सरली. "पप्पांचं पथ्याचं असतं ते."

"पथ्याचं असं लागतं?" श्रेया म्हणाली. "मग आत्याचं असं का नाही लागत?"

रुपालीने डब्याचं झाकण घट्ट दाबलं. कोपऱ्यातल्या कॉटवर नलूआक्का डोळे मिटून पडली होती. झोपलेली असावी.

पण चोरी पचायची नसली की ती भलत्याच वाटेने बाहेर येते. निलेशने काट्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा काढून घेतला. मंगळवारपासून तो डबा उघडेना. सकाळी घोटभर चहा, संध्याकाळी अर्धी भाकरी, मध्ये नुसतं पाणी. ऑफिसातून आलेला भरलेला डबा रुपाली मोरीशी धुवायची. "खा ना थोडं," ती म्हणायची. तो म्हणायचा, "एकदा आक्काचं होऊ दे, मग बघ कसा खातो."

गुरुवारी संध्याकाळी बाथरूमच्या भिंतीच्या लाद्या आल्या. खाली मसाला कांडणाऱ्या डंकांचा धडधडाट चालला होता, मिरचीचा ठसका जिन्यापर्यंत येत होता. निलेशने पहिलं पोतं वर आणलं, दुसरं आणलं. तिसऱ्या वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ कुशाबाची हाक. "वैनी! धावा!"

निलेश पायऱ्यांवर आडवा पडला होता. पोतं फाटून फुटक्या लाद्या खालपर्यंत गेल्या होत्या. त्याच्या कपाळाला खोक पडली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि डोळे उघडे असून तो तिच्याकडे बघत नव्हता. कुशाबाने त्याचे पाय वर धरले. रुपालीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ज्याला कोणी कापू नये म्हणून तिने एवढा घाट घातला, त्याचं रक्त तिच्याच गाऊनवर सांडलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि तिने जखमेवर तळवा दाबून धरला.

दोन मिनिटांत तो बोलायला लागला. चौकातल्या डॉक्टरांनी दोन टाके घातले, साखर तपासली आणि त्यालाच झापलं: उपाशी राहून ओझी उचलता, अक्कल आहे का? तो परत आला आणि गॅलरीत चटईवर झोपून गेला.

रुपाली स्वयंपाकाला लागली. कॉटवरून आवाज आला.

"श्रेया, खाली जाऊन माका लिंबू आण गो." पोरगी गेल्यावर नलूआक्का हळूहळू उठून बसली. फुगलेल्या पोटावर हात ठेवून तिने श्वास घेतला. "रुपाली, तू त्याच्या भाजीत दोन चमचे तूप घालतंस मा?"

रुपालीने गॅस बारीक केला.

"वीस वर्सां मसाल्यात काढलंय मी. धणे किती भाजले ता भायर उभ्यान सांगी. लसणीखाली तूप लपता व्हय?"

"आक्का..."

"ओले काजव वाटतंस, ता पण कळता. पाटो धुतंस तेव्हा दूध येता." आवाजात राग नव्हता. राग असता तर रुपालीला बरं वाटलं असतं. "आज चार चमचे घाल."

रुपाली वळली.

"चार घाल, आणि समोर बसान खाव घाल. तुका त्येका थांबवचा आसा, तर भरवून थांबव. उपाशी मारून नको."

"तुम्हाला कधीपासून..."

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

आक्काने पदराने तोंड पुसलं. "काय बोलू? लहानपणी ताटातली पोळी मी त्येका दिली, ता सगळे सांगतत. म्हणून आता त्येचा लिव्हर मागू?" मग जे बोलली ते एकदम लहान पोरीसारखं बोलली. "माका जगूचा आसा गो. खोटा कित्या बोलू? भिंतीपलीकडे लादी ठोकतत, तेव्हा माका वाटता, त्या न्हाणयेत एकदा दार लावून निवांत आंघोळ करूची. जन्मात केलंय नाय. पण त्येका असो पडलेलो बघवणा नाय."

जिन्यावर श्रेयाची पावलं वाजली. आक्का परत आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

रुपालीने बरणी उचलली. झाकण उघडलं. मग झाकण लावलं, बरणी कमलाबाईंच्या फळीवर सगळ्यात मागे सारली, आणि भाजी उतरवून ठेवली. भाकरी नुसत्या गरम पाण्यात मळली.

निलेशने उठून पहिला घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. "आज चव नाही गं."

"नाही," ती म्हणाली. "पण पोटभर खा. दोन भाकऱ्या संपवायच्या. उद्यापासून डबा परत आला तर मी ऑफिसात येऊन भरवीन."

सकाळी उजाडताच निलेश उरलेल्या लाद्या आणायला खाली उतरला, कपाळाला पट्टी लावून. रुपाली मागोमाग गेली. पोत्याला त्याने हात घातला तेव्हा ती म्हणाली, "थांबा. वजन तुमच्यामुळे नाही अडलं. माझ्यामुळे अडलंय."

आणि तिने सगळं सांगितलं. लोणी, तूप, काजू. आक्का काय बोलली ते मात्र सांगितलं नाही. ते तिचं नव्हतंच सांगायला.

निलेश पोत्यावर बसला. त्याच्या मानेची शीर फुगली. "तीन आठवडे," तो म्हणाला. "मी कुत्र्यासारखा धावतोय, आक्का तिकडे पिवळी पडत चाललीय, आणि तू... रुपा, तू तिला मारत होतीस. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"भीती वाटत होती तर मला सांगायचंस ना!"

"सांगणार कधी? सही कर म्हणालात, केली. मिस्त्री आणतो म्हणालात, आणा म्हटलं. देऊ का, असं मला एकदा तरी विचारलंत?"

जिन्यात कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या, त्या संपून जाहिरात लागली. निलेशने तळव्यांनी चेहरा पुसला आणि वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून नलूआक्का उभी होती, ऊन खायला रोज उभी राहायची तशी. तिला खालचं काही ऐकू येत नव्हतं.

"आता विचारतो," निलेश म्हणाला. "चौदा दिवस आहेत. देऊ का, रुपा? नको म्हणालीस तर वर जाऊन आक्काला मी सांगतो. तुझं नाव येणार नाही."

हेच तिला हवं होतं. तीन आठवडे याच्यासाठीच तिने बरणी उघडली होती. रुपालीने वर बघितलं, कठड्यावरच्या त्या काडीसारख्या हातांकडे, आणि मग समोरच्या पट्टी बांधलेल्या कपाळाकडे. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत.

"द्या," ती म्हणाली. "पण घरी परत या. चालत या."

वरून कुशाबा मिस्त्री लाद्यांसाठी ओरडला. निलेशने पोत्याची दोन टोकं धरली. उरलेली दोन रुपालीने धरली.