टोनचं बटण

दोघी बहिणींतली थोरली वीस वर्षं छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर उभी राहिली, आणि त्या यंत्राच्या खडखडाटाने तिचा उजवा कान खाल्ला. डावाही आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. स्वतः बांधलेलं एक गाणं कान आहेत तोवर रेकॉर्ड करून ऐकायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. रविवारी सकाळचा स्टुडिओ ठरला, आणि बुधवारी टाकी फुटून तिच्या गिटारचं जुनं डिस्टॉर्शन पेडल पाण्यात गेलं.

घाईत मिळालं ते सगळ्यात स्वस्त पेडल. गिटारचा आवाज भरदार, खरखरीत करणारी ती पत्र्याची डबी. तीन दिवस ती त्याच्याशी झटत होती.

"आवाजात जीवच नाही गं," म्हणत तिने शनिवारी दुपारी टोनचं, म्हणजे आवाजाची धार वाढवायचं, बटण आणखी पिळलं आणि तार छेडली.

धाकटीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "ताई, बंद कर! दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतंय."

"धार तर हवी ना. मला ती ऐकूच येत नाहीये."

बोलून झालं आणि तिचं तिलाच कळलं. थोरली मटकन खाली बसली. पेडल वाईट होतंच, पण वरचे बारीक सूर डाव्या कानातूनही गेले होते. जे ऐकू येत नव्हतं, तेच ती वाढवत बसली होती.

"संपलंच म्हणायचं," ती म्हणाली. "मी स्टुडिओला फोन करून नको म्हणून सांगते."

"माझे कान काय भाड्याने दिलेत?" धाकटी पेडलसमोर मांडी घालून बसली. "तू वाजव. मी फिरवते."

तिने टोन निम्म्याच्या खाली आणला. तरी आवाज माशी डब्यात कोंडल्यासारखा. "खरखरीचं बटण कमी कर," थोरली रडवेल्या आवाजात म्हणाली, "आणि आवाजाचं बटण वाढव. उरलेलं काम अँप्लिफायरला करू दे." धाकटीने तसं केलं. थोरलीने गिटारवरचा आवाज जरासा उतरवला. धाकटी नुसती नकारार्थी मान हलवत राहिली. मग एकदाची म्हणाली, "थांब. इथेच. हात लावू नकोस."

तिने नेलपॉलिशने तिन्ही बटणांवर खुणा केल्या.

रविवारी गाणं रेकॉर्ड झालं. थोरली डावा कान स्पीकरला चिकटवून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मला सगळं रजईखालून आल्यासारखं ऐकू येतंय," ती म्हणाली. "खरं सांग, कसं झालंय?"

छान म्हणणं सोपं होतं. "आवाज दमदार आलाय," धाकटी म्हणाली. "पण दुसऱ्या कडव्यात तुझं बोट घसरलंय."

"ते ऐकू आलं मला!" थोरली आठवड्यात पहिल्यांदा हसली आणि गिटार उचलून म्हणाली, "परत घेऊ."