बारावी नळी

"पन सायेब, तो किडा डोयाले दिसतच नही, तर तो रगतमा शे हाई समजस कसं?"

काचेच्या नळ्या पुसता पुसता झुलालने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला होता. धुळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो बावीस वर्षं प्रयोगशाळेतल्या काचा धूत होता. शिक्षण सातवीपर्यंतच, पण चौकसपणा भलताच. सोनगीरहून सायकलवर येताना वाटेत ट्रक बंद पडलेला दिसला की हा उतरून बॉनेटमध्ये डोकं घालणार, आणि मग उशिरा आल्याबद्दल बोलणी खाणार.

यावलकडचे तरुण डॉक्टर बोंडे मात्र त्याला कधी झिडकारत नसत. "किडा आम्हालाही दिसत नाही, झुलालभाऊ. पण गल्लीत चोरी झाली की लोक काय करतात?"

"गुरखा ठेवतस."

"तसंच. रोग शिरला की रक्त आपले गुरखे नेमतं. आपण चोर नाही, गुरखा शोधायचा. तो सापडला की समजायचं, चोर घरात शिरला आहे."

"मंग तो गुरखा चोरले धरस ना?"

"या रोगात नाही धरत," डॉक्टर म्हणाले आणि कामाला लागले.

साल चौऱ्याण्णव. एड्सचं नाव काढलं तरी माणसं खुर्ची मागे सरकवत. दवाखान्यात सुया उकळून, दगडावर घासून धार लावून पुन्हा वापरत, आणि ज्याच्या बोटाला सुई टोचली नाही असा माणूस तिथे औषधालाही सापडला नसता. रबरी हातमोजे धुऊन, पावडर लावून इतक्यांदा वापरले जात की बोटं बाहेर यायची. आपल्या चाळीस माणसांत रोग शिरलाय का हे एकदा कळलं, तर ट्रस्टपुढे कागद ठेवून नव्या सुया आणि मोजे मागता येतील, असा डॉक्टरांचा हिशेब होता.

पण रक्त द्यायला कोणी तयार होईना. शेवटी डॉक्टरांनी शब्द दिला, की नळीवर नाव नाही, खूण नाही. सगळ्या नळ्या मिसळायच्या आणि मग नंबर टाकायचे. कोणाची कुठली हे त्यांनाही कळणार नाही.

तरीही इंजेक्शनच्या खोलीतल्या कमलबाई सिस्टर अडून बसल्या. बाई विधवा, शिंदखेड्याला म्हातारी सासू, दोघींचं पोट या नोकरीवर. त्यांना राजी करायला झुलाल गेला.

"माले समजाले नको, भाऊ," कमलबाई म्हणाल्या. "समजनं तर मी सुई कशी धरसू? मनी सासू मना हातनं पानी पेई का?"

"कोनलेच समजाव नही. नळ्या मीच मिसळसू ना."

त्याच्या भरवशावर त्यांनी बाही वर केली.

हजेरीपटाच्या क्रमानं एकेक जण स्टुलावर बसून रक्त देऊन गेला. नंतर झुलाल नळ्या मिसळायला बसला. आता बावीस वर्षं ज्याला एकच गोष्ट बजावलेली, की बाबा रे, जीव गेला तरी नळ्यांची अदलाबदल होता कामा नये, त्याचा हात असा एका दिवसात कसा वळणार? तो नळी उचलायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि हात ती मुकाट्यानं स्टँडच्या त्याच भोकात परत ठेवायचा. चाळीस वेळा तो असं करत राहिला. आपण मिसळल्या, असंच त्याला वाटलं. मग त्याने एकापासून चाळीसपर्यंत नंबर टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीची खळग्याखळग्यांची पट्टी टेबलावर आली. डॉक्टर थेंब टाकत होते आणि झुलाल श्वास रोखून वाकून बघत होता. आयुष्यात इतकी मजेची गोष्ट त्याने पाहिली नव्हती. गुरखा सापडेल तो खळगा रंग धरणार होता. खळगे पाण्यासारखे स्वच्छ राहिले. फक्त एक हळूहळू पिवळा होत गेला, पिकत्या लिंबासारखा.

"बारा नंबर," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "एका तपासणीवर पक्कं म्हणता येत नाही. पुन्हा नावानिशी रक्त घेऊन पुण्याला पाठवायला हवं. पण हा माणूस कोण, ते आता कोण सांगणार?"

झुलालची नजर नळ्यांच्या स्टँडवर गेली. पहिली नळी मोठ्या डॉक्टरांची. दुसरी कारकुनाची. त्याला एकेकाचं स्टुलावर बसणं आठवू लागलं, आणि आपण काय करून बसलो ते ध्यानात आलं. अकरावी दुसऱ्या सिस्टर पुष्पाबाईंची. बारावी कमलबाईंची.

त्या घटकेला त्याला स्वतःच्या चौकसपणाचा प्रथमच संताप आला. मोजलं नसतं तर चाललं नसतं का?

सांगावं तर बाईला दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर पक्की तपासणी होणार नाही, आणि खरंच रोग असला तर ती कुणाला न कळत झिजत जाणार. चाळीसांत एकाच्या रक्तात रोग निघाला, एवढं दवाखानाभर पसरलं होतं. तीन दिवस झुलाल इंजेक्शनच्या खोलीपुढून मान खाली घालून जात राहिला. चौथ्या दिवशी कमलबाईंनी त्याला आत बोलावलं आणि दार लोटलं. टेबलावर उकळलेल्या सुयांचा ट्रे तसाच झाकलेला होता.

"तीन रोज व्हयनात भाऊ, तू माले काहीच इचारं नही. आज भाजी काय आनी, हाई बी नही." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मनंच रगत शे ना ते?"

 झुलाल रडूच लागला. "मी मिसळ्या नहीत वं बाई. मना हातच वळना नही."

कमलबाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या खिडकीतून हायवेकडे बघत होत्या. तीन ट्रक गेले.

"सायेब म्हनतस, एक डाव खोटं बी निघस," झुलाल डोळे पुसत म्हणाला. "नाव लिखीसन पुन्याले धाडनं पडी. चाल, पुष्पाबाईले बलावस रगत काढाले."

"नको."

त्या उठल्या. कोरी नळी घेऊन कागदाच्या चिकटपट्टीवर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट, आणि ती नळीला लावली. डाव्या दंडावर रबर गुंडाळून त्याचं एक टोक दातात धरलं. आधार द्यायला झुलाल पुढे झाला.

"तू दूर ऱ्हाय, भाऊ," दातांतलं रबर न सोडता त्या म्हणाल्या.

आणि उजव्या हाताने सुई धरून त्यांनी ती सरळ स्वतःच्या शिरेत घातली.