नर्सबाईंची गाडी स्लो धरत नाही

पेट्रोलवर नर्सबाईंची गाडी शहाण्यासारखी चालायची. गॅसवर टाकली की पहिली चार-पाच मिनिटं बरी जायची आणि मग कुठे थांबली, की आचके देऊन बंद. पळताना तक्रार नाही. उभी राहिली की जीव सोडायची. नर्सबाई घरोघर जाऊन बाळंतिणी बघायच्या, म्हणजे त्यांची गाडी पळायची कमी आणि लोकांच्या दारात थांबायची जास्त.

गॅरेज ताईचं. वडिलांच्या मागे ती ते एकटीच चालवत होती आणि गॅसकिटची नस तिच्याइतकी कुणाला सापडत नाही, असं गिऱ्हाईकं म्हणत. पण या गाडीने तिला दोन दिवस पाणी पाजलं होतं. गॅसचा फिल्टर बदलला. प्लग नवे टाकले. रबरी नळ्या कुठे चिरल्यात का, तेही पाहून झालं. उभ्या गाडीत इंजिनचा वेग ठरवणारा स्लोचा स्क्रू कधी इकडे, कधी तिकडे. रेड्यूसर, म्हणजे पातळ गॅसची वाफ करणारा डबा, त्याच्या बुडाशी साठलेलं काळं चिकट तेलही काढलं. शेवटी त्या डब्यावर हात ठेवला तर तो गारठलेला! इंजिन तापलेलं आणि याच्यावर दव. इंजिनचं गरम पाणी त्यात खेळायला हवं, ते खेळत नव्हतं. रेडिएटर काठोकाठ भरला तरी ढिम्म. पाण्याच्या वाटेत कुठेतरी हवा अडली होती, आणि ती नळी पत्र्याआड कुठे गडप होते ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

हे किट नऊ वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने बसवलं होतं. वडील त्याला खटपट्या म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो परमुलखात नोकरीला होता, आला नाही. "आता येऊच नकोस," ताई फोनवर म्हणाली होती. एरवी तिचं एक अक्षर न ऐकणाऱ्याने ते मात्र तंतोतंत पाळलं.

तिने हात पुसले, परत पुसले आणि फोन लावला.

"ताई? काय झालं?"

"काही नाही झालं. नर्सबाईंची गाडी स्लो धरत नाही. रेड्यूसर थंड पडतोय. हवा कुठून काढू?"

तो भराभर बोलायला लागला, जणू कालच बॉनेट लावून गेला होता. "वायपरखालचं काळं प्लास्टिक उचल. डाव्या कोपऱ्यात नळीवर पितळी नट आहे. मीच लावलाय. पण इंजिन बंद करून आधी थंड होऊ दे हं, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मला शिकवतोस?"

"नाही ग."

"अर्धा तास तरी लागेल."

"हो. मग ठेवू?"

"ठेव."

ठेवला कुणीच नाही.

"हवेचा पंप अजून तसाच खोकतो का?" त्याने विचारलं.

"नवा घेतला."

"आणि जुना?"

"मागे आहे. टाकवत नाही." ती स्टुलावर बसली. म्हणाली, "शेवटचे दोन दिवस बाबा तुझंच विचारत होते. फाटक वाजलं की मान वळवायचे. मी म्हणायचे, निघालाय, पोचतोच आहे. शेवटपर्यंत खोटं बोलले रे मी त्यांच्याशी."

"माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता," तो हळूच म्हणाला. "तीन दिवस त्याच्या दारात बसून होतो. हातात पडला, आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. येऊ नकोस म्हणालीस."

"मग सांगायचं नाही का, मेल्या!"

"तू विचारलं कुठे? आणि बाबा तर गेलेच होते. वाटलं, तुझंच बरोबर असेल."

तीन वर्षं मनातल्या मनात तिने त्याच्याशी किती भांडणं केली होती. एकाही भांडणात हे कपाट नव्हतं.

इंजिन निवलं. तिने प्लास्टिक उचललं, नट ढिला केला. आधी नुसतं फुसफुसलं, मग फेस आला आणि मग पाण्याची सलग धार लागली. नट आवळून, रेडिएटर भरून तिने गाडी चालू केली, गॅसवर टाकली. दहा मिनिटांत डब्याला हात लाववेना, इतका तो तापला. गाडी जागच्या जागी चालत राहिली, एकही आचका नाही.

"फोन बॉनेटपाशी धर," तो म्हणाला. ऐकून म्हणाला, "स्लो जास्त ठेवलायस. पाव फेरा कमी कर."

तिने केला.

"हं. आता असू दे. अशीच चालू दे जरा."

हात भरून आला तरी तिने फोन तिथेच धरून ठेवला. नर्सबाई पिशवी सावरत आत आल्या.

"झाली का गं? कुणी केली?"

"खटपट्याने."

"अगं बाई, आला की काय तो?"

"नाही," ताई म्हणाली. "आला नाही."

नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. फाटकाशी रस्ता मोकळा व्हायची वाट बघत गाडी थांबली, पण बंद पडली नाही. ताईने फोन कानाला लावला. तो होता.

"सुट्टी कधी मिळेल तुला?"

"करार संपायला चौदा महिने आहेत ग."

"चौदा."

"हं."

"उद्या फोन कर. गाडी कशी चालतेय ते विचारायला."

"ती आता चांगलीच चालणार, ताई."

"तरी कर," ती म्हणाली.