घरात अनोळखी बाई

तिने हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला गप्प बसायची खूण केली.

"परत सांगा, आजोबा."

"घरात एक अनोळखी बाई शिरलीय. स्वयंपाकघरात आहे. खुशाल कपाटं उघडतेय."

पोलिसांच्या मदत कक्षात हा नंबर कुणाला ठाऊक नव्हता? दुपारची जेवणं उरकली की आजोबांचा फोन ठरलेला. अनोळखी बाई म्हणजे त्यांची बायको. आजोबांच्या डोक्यातून माणसं निसटत चालली होती, त्याला कोण काय करणार! मग कक्षात एक रीतच पडून गेली. फोन त्या बाईकडे द्यायला सांगायचं, आजी हसत म्हणायच्या, "मीच गं ती चोरटी, वाजतगाजत शिरलेली," आणि कॉल तिथेच बंद. वायरलेसच्या टेबलापर्यंत तो जातच नसे. गेले काही दिवस तेवढा तो आला नव्हता.

"त्या बाईंना फोन द्या बरं."

फोन या हातातून त्या हातात गेला.

"सॉरी हं, चुकून लागला. मी त्यांची बायको बोलतेय."

ना हसू, ना चेष्टा. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आजी, आवाज बसलाय का?"

"हो. सर्दी झालीय."

"आज पुन्हा लावला म्हणायचा त्यांनी."

"पुन्हा? छे हो, याआधी कधीच नाही लावला."

फोन कट. तिने उलटा फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. तिने कॉलची नोंद बंद न करता वायरलेसच्या टेबलाकडे ढकलली.

तिथून गाड्या पाठवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. त्याने स्क्रीनवरून मान वर काढली.

"अगं, आजोबांसाठी गाडी? त्या भागात एकच तर आहे. साहेब माझी सालटी काढतील."

"आत आहे ती बाई आजी नाहीये, मामा. आणि आजींचं काही बरंवाईट झालं असलं तर?"

"सर्दी झाली की माझी बायकोसुद्धा मला परकी वाटते."

"माझ्या नावावर पाठवा. साहेबांचं मी ऐकून घेईन."

मामा पुटपुटला, पण त्याने गाडी पाठवली. तिने मधल्या वेळात एक अपघात घेतला, एक भांडण घेतलं. कान मात्र वायरलेसकडे होता.

"कंट्रोल," हवालदाराचा आवाज आला. "बाई आजी नाहीत, खरंच. त्यांची मुलगी आहे. आजी गेल्या आठवड्यात वारल्या. आजोबांच्या ध्यानात राहत नाही. सांगितलं की दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडतात. म्हणून बिचारी आईच असल्याचं सांगत होती. त्यांना आणि तुम्हालाही."

संशय खरा निघाला होता, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं जाणं त्या मुलीला आता पोलिसांपुढे बोलून दाखवावं लागलं होतं.

"आता पंचाईत अशी आहे, आजोबा हटून बसलेत. हिला घेऊन जा म्हणतात. मुलगीच म्हणतेय, मला गाडीत बसवा, कोपऱ्यापर्यंत न्या, तेवढ्याने शांत होतील. माझा जोडीदार त्यांच्याजवळ थांबतोय."

मामाने साहेबांच्या केबिनकडे पाहिलंही नाही.

"न्या," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तिच्या स्क्रीनवर पुन्हा तोच नंबर आला.

"पोरी, तुमचे लोक आले, बाईला घेऊन गेले. उपकार झाले हो."

"बरं झालं, आजोबा."

"एक सांगायचं होतं पण. गाडीत बसताना ती रडत होती गं. चोर कधी असे रडतात? मघाशी तिने मला गोळी काढून दिली, पाणी दिलं. कुणाची तरी लेक असेल. मारूबिरू नका तिला."

"नाही मारणार, आजोबा."

"आणि तिला जायला जागा नसेल ना, तर आणून सोडा इथेच. आमच्या हिची मी समजूत काढीन."