काचेआडची झोप

"हळू बोला बाई, जागं कराल त्यांना," पाववाल्याने मला दटावलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी ओरडले नव्हते. "अगं बाई!" एवढंच काय ते तोंडून निघालं होतं. बसमधून उतरून कोपऱ्यावर वळले, तर आमच्या गाद्यांच्या शोरूमसमोर ही गर्दी! गर्दी म्हटली की भांडण नाहीतर अपघात, एवढंच मला ठाऊक. इथे मात्र कोणी चकार शब्द काढत नव्हतं. सायकलवरून एक पाय टेकून उभा असलेला पाववाला, बाळाला कडेवर घेतलेली एक बाई, ऑफिसला निघालेले दोन टायवाले, सगळे काचेतून आत बघत होते आणि जांभया देत होते. एकाची जांभई संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. कामावर जायची घाई कोणालाच नव्हती. कोवळं ऊन काचेवर सांडलं होतं आणि सगळा रस्ता अजून पांघरुणात असल्यासारखा वाटत होता. मी टाचा उंचावून पाहिलं.

काचेआड, दुकानातल्या सगळ्यांत महागड्या गादीवर, माझ्या दोन भाच्या गाढ झोपल्या होत्या. धाकट्या भावाच्या मुली. मोठी कुशीवर, छोटी तिच्या पोटावर पाय टाकून. ऊन दोघींच्या केसांपर्यंत आलं होतं. इतक्या गोड दिसत होत्या की क्षणभर मीही जांभई दिली, खोटं कशाला बोलू? मग भानावर आले. मालकांनी हे पाहिलं तर धाकट्याची नोकरी गेलीच म्हणून समजा.

आम्ही दोघं बहीणभाऊ याच दुकानामागच्या कारखान्यात. मी मशीनवर खोळी शिवते. तो हातभर लांबीची सुई गादीच्या आरपार घालतो, बटण ओवतो आणि दोरा असा खेचतो की वर बरोबर खळी पडते. गालावर पडते तशी. दिवसभर दुसऱ्यांच्या झोपेची सोय करतो, आणि स्वतः मात्र उभ्याउभ्या पेंगतो. कारखान्यात त्याला 'डुलकी' म्हणतात. हाक मारली की ओ देतो, राग म्हणून येत नाही मेल्याला.

पूर्वी असा नव्हता हो. सरकारकडून मुलींचा भत्ता यायचा, त्यातून पाळणाघराचे पैसे जायचे. भावजय बसडेपोत गाड्या धुते. पहिली बस सुटायच्या आत सगळ्या गाड्या चकचकीत पाहिजेत, म्हणून ती अंधारातच निघते. जाताना मुलींना पाळणाघरात सोडायची, तिथूनच त्या शाळेत. बस्तान नीट बसलं होतं. मग कोणीतरी मोठ्या माणसाने मोठ्या सभागृहात उभं राहून सांगितलं, की देशाने आता काटकसर करायला हवी. आणि काटकसर सुरू झाली ती आमच्या छोटीच्या झोपेपासून. भत्ता पार कापला. घराचं कर्ज मात्र कोणी कापलं नाही. बँकेला कुठली आलीय काटकसर! हप्ता भरायचा तर पाळणाघर बंद, पाळणाघर ठेवायचं तर घर जायचं. मग धाकट्याने दुकान उघडायच्या आधी शोरूम झाडायचं जादा काम धरलं. मुलींना तो पहाटे तसाच झोपेत खांद्यावर टाकून आणायचा, एक या खांद्यावर, एक त्या खांद्यावर. शोरूममध्ये निजवायचा, आणि दुकान उघडायच्या वेळेला उठवून शाळेत पोचवायचा. मी सांभाळल्या असत्या, पण मी राहते दोन बस पलीकडे आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

आता काचेजवळच का निजवलं, तर त्यालाही कारण होतं. शोरूममधल्या बाकी सगळ्या गाद्यांवर प्लॅस्टिक असतं. त्यावर पोरींना घाम फुटायचा, अंगाला चिकटायचं. एकट्या काचेजवळच्या गादीला प्लॅस्टिक नाही, कारण ती बाहेरून दिसते. तिथे निजवायचं आणि काचेवरचा जाड पडदा ओढून घ्यायचा, असा त्याचा नेम. मुलींची झोप मोडू नये म्हणून दिवाही लावायचा नाही. त्या दिवशी पडदे धुवायला गेले होते. हा पठ्ठ्या झोपेतच चाललेला. अंधारात हात वर केला, रोजच्यासारखा ओढला, आणि मागे झाडायला निघून गेला. पडदा नव्हताच! नसलेला पडदा ओढणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मला भाऊ म्हणून मिळालाय.

मी मागच्या दाराने आत धावले. तो झाडू हातात धरून भिंतीला टेकून उभा होता, डोळे मिटून.

"अरे डुलक्या, पोरी उघड्यावर आहेत! सगळं गाव बघतंय!"

"काय?" तो दचकला. "ताई, मी ओढला होता गं पडदा."

आम्ही दोघं पुढे आलो, तर मालक काचेबाहेर उभे. त्या गर्दीतच, हात पाठीमागे बांधून. तेही जांभई देत होते.

धाकट्याच्या हातातला झाडू गळून पडला. तरी मुली उठल्या नाहीत. मालक आत आले, चपला काढून, पावलं न वाजवता. मी मनात देवाचा धावा करत होते.

"तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब. पुन्हा नाही होणार. कामावरून काढू नका, पाया पडतो."

"काढतोय कोण?" मालक कुजबुजले. "वीस वर्षं ही काच पुसून घेतोय मी. आजवर कुत्रं थांबलं नव्हतं तिच्यापुढे. त्या बाईने आताच विचारलं मला, ही गादी केवढ्याला म्हणून."

दुपारपर्यंत तशा तीन गाद्या गेल्या. संध्याकाळी मालकांनी आम्हाला चहाला बोलावलं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते. आवाज चढवणं त्याला जमत नाही. म्हणाले, मुलींना रोज तिथेच झोपू दे, शाळेची वेळ होईपर्यंत. भत्त्याचे जेवढे पैसे गेले, तेवढे मी देतो.

मी पेटलेच. "पोरी म्हणजे काय शोकेसमधल्या बाहुल्या आहेत? त्यांना कामाला लावायचं?"

"बाई, झोपणं हे काय काम आहे?" मालक हसले. "असं काम मला कोणी देईल का, विचारा."

धाकटा बशीतला चहा बघत राहिला. म्हणाला, "घरी विचारतो."

त्याच्याबरोबर मीही घरी गेले, तर भावजयीने ऐकताच ठरवून टाकलं. तिचे हात पाण्याने पांढरेफटक पडले होते, ते ती टॉवेलमध्ये गुंडाळून बसली होती. "वन्सं, तुम्हाला वाटतं मला बरं वाटतंय?" ती म्हणाली. "पण त्या नाहीतरी झोपणारच ना? तिथे झोपल्या तर घर राहतंय. नाहीतर झोपायला छप्पर तरी कुठलं?" मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचाच राग आला.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला सगळं झकास चाललं. मालकांनी दोघींना निळे झुळझुळीत झगे आणले. सकाळी मी बसमधून उतरले की काचेआड त्या दिसायच्या, निळ्या पाण्यात तरंगत असल्यासारख्या, आणि माझा थकवा पळायचा. हप्ते वेळेवर जाऊ लागले. धाकटा एकदा चक्क शीळ घालत सुई ओढताना दिसला. छोटी तर झोपेची राणीच. तोंड उघडं, लाळ गळतेय, हिला कशाची शुद्ध नाही. लोक हसायचे. पण मालकांना गादीवर डाग नको होते, म्हणून त्यांनी मोठीला समजावलं, "तू शहाणी आहेस ना? बहिणीवर लक्ष ठेव. तिचा झगा नीट कर. आणि छान हसरं तोंड ठेव."

मोठी शहाणीच. सात वर्षांची असेल, पण सांगितलेलं विसरायची नाही. छोटीने लाथ मारली की ही हलक्या हाताने पांघरूण सारखं करायची, डोळे न उघडता. बाहेरची माणसं म्हणायची, बघा, झोपेतसुद्धा बहिणीला जपते! मीही अभिमानाने सांगत सुटायचे, आमच्याच मुली त्या. शाळेतून मात्र निरोप यायला लागले, की मोठी वर्गात डोकं टेकून झोपते. धाकटा म्हणाला, "माझ्यावर गेलीय." आम्ही सगळे हसलो.

परवा सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. जेवणं झाली, भावजय आणि धाकटा बसल्या जागी लवंडले आणि घोरायला लागले. छोटीही तिथेच बापाच्या हातावर. बाहेर वाऱ्याने कोणाचं तरी दार उगाच उघडझाप करत होतं. मी मोठीला आतल्या खोलीत घेऊन पडले. म्हटलं, झोप आता, आज शाळा नाही, कारखाना नाही, काही नाही. मलाही कधी नव्हे ती झोप येत होती. तिला थोपटता थोपटता माझाच हात जड झाला.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे किलकिले केले, तर ती तशीच पडून होती, अगदी चित्रासारखी. झगा गुडघ्यांवर नीट ओढलेला आणि तोंडावर हसू. काय गोड झोपलीय म्हणून मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"आत्या," ती ओठ न हलवता कुजबुजली. "कोणी बघतंय का गं?"

"नाही गं राणी. इथे कोण आहे बघायला? आपण दोघीच तर आहोत."

"नक्की?"

"नक्की."

"मग आता उठू का मी?"

मी मान हलवली, पण तिचे डोळे मिटलेलेच होते. म्हणून म्हटलं, "ऊठ बाळा."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती उठून पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली आणि कारखाना सुटल्यावर आम्ही बायका दाबतो तशी दोन्ही हातांनी आपली कंबर दाबू लागली.