चॅसीची चीर

बन्सीनं ती चीर पहिल्यांदा पाहिली बाहत्तरच्या आषाढात. पाथर्डीच्या एस.टी. स्टँडमागं त्याची पत्र्याची शेड होती. जमिनीवर पोतं टाकून तो गाडीखाली सरकला, चिंधीनं चिखल-ग्रीस पुसलं, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या वर त्याला चॅसीच्या लोखंडात बोटभर चीर दिसली. कडा गंजलेल्या होत्या. कधीतरी कुणीतरी तिच्यावर वेल्डिंग मारून वरून काळा रंग फासला होता.

चॅसी म्हणजे गाडीचा कणा. तो गेला की वरचं सगळं नवंकोरं घातलं तरी व्यर्थ, हे बन्सीला अठरा वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. तो बाहेर आला, हात पुसले. समोर गाडीचा मालक सहादेव हवालदार उभा होता. ताठ, मिशीला पीळ, अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट.

"चालंल ना रं, बन्सी?"

"चालंल की. एक टाका मारतो."

तिथंच पहिलं खोटं बोललं गेलं.

सहादेव तिसगावचा. लष्करात वीस वर्षं गाड्या हाकून पेन्शनीवर आलेला. नगरला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव झाला, त्यात सगळी पुंजी ओतून त्यानं ही वॅगन उचलली. महायुद्धाच्या काळातली अमेरिकन गाडी. तीन बाकांची, पुरुषभर उंच, दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज व्हायचा. आषाढाआधीच्या फाल्गुनात मढीच्या यात्रेला त्यानं तिसगावाहून माणसं नेली-आणली आणि चार दिवसांत वर्षाची मिळकत केली. लोक वाट देऊन उभे राहायचे. पोरं धुरळ्यात मागं पळायची.

मग पाऊस आलाच नाही. लोकांना कुठं जायचं काम उरलं नाही, अन् इकडं गाडीचा एकेक अवयव बोलायला लागला. आधी रेडिएटर गळू लागला. करंजीच्या घाटात दोनदा थांबून पाणी ओतावं लागे, आणि पाणी तर पेट्रोलपेक्षा दुर्मिळ झालेलं. मग क्लचप्लेट गेली. मग दुसरा गिअर टिकेना. सहादेव गुडघ्यानं दांडी दाबून धरायचा आणि तशीच गाडी हाकायचा. सुटा भाग मागवावा तर मिळायचा नाही. बन्सी नगरच्या भंगारात हिंडला, पुण्याला जाऊन आला, शेवटी एका ट्रकच्या गिअरचं चक्र आणून कानशीनं घासून घासून बसवलं. त्या एका चक्राला सहादेवच्या पाच महिन्यांची पेन्शन गेली. आणि दर खेपेला गाडीखाली गेला की बन्सीला ती चीर दिसायची. टाक्याच्या अलीकडून, मग पलीकडून. आधी बोटभर, मग वीतभर.

सांगावं असं कितीदा त्याच्या ओठांवर आलं. पण शेडमध्ये दुसरी गाडी नव्हती. ट्रॅक्टर जागच्या जागी उभे होते, हाताखालची दोन्ही माणसं कारखान्याकडं ऊस तोडायला निघून गेली होती. त्याच्या घरची चूल त्या वॅगनवर पेटत होती. आणि सहादेवचा प्रश्नही नेहमी तोच. गाडीला काय झालंय, असं तो कधी विचारायचाच नाही. "चालंल ना?" एवढंच.

दिवाळी सरली आणि मागचा पाटा तुटला. त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, सहादेवची बायको विजयमाला शेडपाशी आली. एकटीच. तिसगावाहून चालत आली होती. पाय पोटरीपर्यंत पांढरे झाले होते. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

"बन्सीभाऊ, ह्यांला ठावं न्हाई मी आल्याचं," ती म्हणाली. "माझ्यापाशी दोनशे रुपये हायेत. शेरडं इकली त्याचे. ह्याच्यात म्हशीला होळीपातूर कडबा येतो. न्हाईतर तुमचा पाटा येतो. दोनी येत न्हाई."

बन्सी हातातला पाना पुसत राहिला.

"मला गाडीतलं काय कळत न्हाई. तुमी रोज तिच्या पोटाखाली असता. खरं सांगा. पाटा घातला तर नीट व्हईल का ती? का म्हशीचं बघू?"

इतका सरळ प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तरही सरळच होतं. म्हशीचं बघा, वहिनी. तीन शब्द. बन्सीनं तिच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या शेडकडं पाहिलं.

"व्हईल की, वहिनी. पाटा घातला की मढीची यात्रा आरामात काढंल. यात्रेत समदं फिटंल बघा."

तिनं पदराची गाठ सोडली. नोटा मोजल्या नाहीत, तशाच त्याच्या हातावर ठेवल्या. तिचा चेहरा मोकळा झाला होता, आणि तेच बन्सीला पुढं कित्येक दिवस खात राहिलं.

म्हैस पौषात गेली. बन्सीला ते बाजारात कळलं. दावणीला बसली ती उठलीच नाही, असं कुणीतरी सांगत होतं. त्यानं त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं.

रंगपंचमीला मढीकडं लोक निघाले, पण पूर्वीसारखे नाहीत. दुष्काळात देवाला जाणारी माणसं नवसाची, हतबल, बहुतेक म्हातारी. सहादेवनं वॅगन धुतली नाही, धुवायला पाणीच नव्हतं. कोरड्या फडक्यानं काचा तेवढ्या पुसल्या आणि चौदा माणसं घातली. ओढ्याच्या उतारावर मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि चॅसी टाक्याच्या शेजारी मोडली. वेग असता तर गाडी उलटली असती. वेग नव्हता म्हणून ती मधोमध खचली. लोक एकमेकांवर पडले. बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं, पण राहीबाई नावाच्या म्हातारीचा खुबा मोडला. तिला बैलगाडीतून तिसगावला आणलं. ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही.

सहादेवनं तिच्या औषधपाण्याला म्हणून वॅगन आहे तिथंच, ओढ्यात, भंगारवाल्याला दिली. भंगारवाल्यानं गॅसनं कापून तिचे तुकडे नेले. बन्सी बघायला गेला नाही.

चैत्रात त्याला कळलं, की नवरा-बायको दोघं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जातात. तो एका दुपारी तिकडं गेला. माळावर दोन-तीनशे माणसं होती. उन्हात सगळी सारखीच दिसत होती, मातीच्या रंगाची. सहादेव बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून खडी फोडत होता. मिशी उतरली होती. अंगात तोच खाकी शर्ट होता, खांद्यावर विरलेला.

बन्सी त्याच्यासमोर उकिडवा बसला. घरून ठरवून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "हवालदार, चॅसी पहिल्यापासूनच गेल्ती. आखाडातच बघितली हुती मी. सांगितलं न्हाई. पोटासाठी न्हाई सांगितलं. मला काय मारायचं ते मारा."

सहादेवनं हातोडा खाली ठेवला. 

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

बन्सीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वीस वर्सं गाड्याच हाकल्या मी. कणा मोडलेली गाडी कशी चालती, ते बुडाखाली कळतं. लिलावातच कळलं हुतं. पैसे भरून झाल्यावर." त्यानं एक खडा उचलून बाजूला टाकला. "नगरचा मिस्त्री म्हनला, भंगारात घाल. म्हनून तर तुझ्याकडं आलो. तू चालंल म्हनायचास."

 बन्सी शिव्या खायला आला होता. त्या मिळाल्या असत्या तर छातीवरचं थोडंतरी उतरलं असतं.

मागं पाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. विजयमाला उभी होती. ती कधी आली, किती ऐकलं, हे तिच्या तोंडाकडं पाहिल्यावर विचारावं लागलं नाही. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग बन्सीकडं. आवाज चढवला नाही.

"म्हंजी तुमा दोघांलाबी ठावं हुतं," ती म्हणाली. "मला तेवढं सांगायचं न्हवतं व्हय?"

  मुकादमानं शिट्टी मारली. विजयमालानं चुंबळ डोक्यावर नीट केली, पाटी उचलली आणि बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग तलावाच्या बांधाकडं सरकत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

सहादेवनं हातोडा उचलला. बन्सी सडकेला लागला. पाथर्डीची एस.टी. आली, पण खच्चून भरलेली होती, थांबली नाही. तो चालत निघाला.